जीपच्या फिल्टरवरची धूळ

धरमतरच्या खाडीवरून वारा सुटला आणि ओठांवरून जीभ फिरवली की खारट लागू लागलं, म्हणजे मिठागरं भरात आली. शिमगा होऊन गेलेला असतो. रस्त्याच्या कडेला मिठाचे ढीग उभे राहतात. अलिबागकडे निघालेल्या मोटारी थांबतात, माणसं उतरतात, ढिगांपुढे उभी राहून फोटो काढतात. मला या दिवसांचा भरवसा वाटत नाही. या हवेत काहीतरी बारीक असतं. ते डोळ्यांना दिसत नाही, पण बिजागरीत शिरतं, कुलपात शिरतं, इंजिनात शिरतं. माणसांमध्ये ते कसं शिरतं तेही मी एका हंगामात पाहिलं. नुसतं पाहिलं असं म्हणणं खोटं होईल.

परवा पेणच्या नाक्यावर एक मोटार उभी होती. ड्रायव्हर चहाला गेलेला, इंजिन चालू. चार क्षण नीट चालायचं, मग घशात काही अडकल्यासारखं करायचं, दोन आचके द्यायचं, पुन्हा सावरायचं. टपरीवर कोणाचं लक्ष नव्हतं. माझ्या हातातला चहा मात्र निवला. चार वर्षं झाली, तरी तो आवाज कानावर पडला की मी आधी गाडी कोणाची ते बघते, मग शेवटची कोणी दुरुस्त केली असेल याचा विचार करते, आणि मग स्वतःची लाज वाटते. दर वेळी याच क्रमाने.

आमच्या समितीची एक जुनी पेट्रोल जीप होती. खाडीकाठची खारजमीन एका कंपनीला हवी होती. तिचे दलाल गावोगाव फिरून संमतीच्या कागदांवर अंगठे घेत होते, आणि त्यांच्या आधी नाही तर निदान त्यांच्या पाठोपाठ तरी पोचायला आम्हाला चार चाकं लागणार होती. ही जीप आधी मुंबईच्या एका शर्यतवेड्या माणसाची होती. त्याने तिचा मूळचा तेलाच्या भांड्याचा जड एअर फिल्टर काढून टाकला होता आणि त्या जागी परदेशातून आणलेला, लाल सुती कापडाच्या घड्यांचा, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवला होता. इंजिनाला मोकळा श्वास मिळतो म्हणे. बॉनेट उघडलं की काळ्या, तेलकट पसाऱ्यात तो लाल शंकू जास्वंदीच्या कळीसारखा दिसायचा.

जीप विलास चालवायचा. समितीत तो आणि मी एकाच वयाचे. गाडीचं बघणारा होता जनूमेस्त्री. मूळचा जिते गावचा, पण त्याचं गॅरेज पेणबाहेर, रोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका वडाखाली. फिल्टर पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्याने तो बोटांनी वाजवला.

"हा शहरातला दिसतोय," तो म्हणाला. "याला आपली धूळ ठाऊक नाय. याला दर आठवड्याला आंघोळ लागंल."

"मी घालीन," मी म्हणाले.

"तू राहू दे," विलास म्हणाला. "हात काळे होतील."

मग तर तो फिल्टर माझाच झाला. सभेत समानतेवर बोलायचं आणि बॉनेटपाशी मागे सरायचं, हे मला जमणारं नव्हतं. मेस्त्री हसला नाही. त्याने बादलीत रिठ्याचं पाणी केलं आणि दाखवलं. पाणी आतल्या बाजूने सोडायचं, बाहेर येऊ द्यायचं. उलट केलं तर धूळ घड्यांत आणखी रुतते. पेट्रोल लावायचं नाही. वाळवायचा तो सावलीत. पुरता सुकला की प्रत्येक घडीवर हलक्या तेलाची एक रेघ ओढायची आणि तेल पसरेपर्यंत थांबायचं.

"लोनच्यावर वतता तसं वतू नको गो," तो म्हणाला. "तेल कमी पडलं तर धूळ आत जाते, जास्ती झालं तर हाच गुदमरतो."

पण मला त्या हंगामातलं सगळ्यात जास्त आठवतं ते धुण्याच्या आधीचं. मेस्त्री मळलेला फिल्टर उन्हात धरायचा, हळूहळू फिरवायचा आणि घड्यांमधली धूळ नखाने उकरायचा. "ही पिठासारखी पांढरी, ही तुमच्या गनपतीच्या कारखान्यांची. पेणच्या आळीत गाडी लावली होतीस." दुसऱ्या घडीतला करडा कण त्याने जिभेच्या टोकाला लावला. "खारी. धरमतर." विलास पोट धरून हसला. "मेस्त्री, आमची चुकलेली बस कुठं गेली तेपन सांगा!" मेस्त्री म्हणाला, "बस आन हितं, सांगतो."

हे त्याचं रोजचं काम होतं. कुठल्या रस्त्यावर गाडी किती फिरली ते कळलं की तिच्या पोटात काय गेलं असेल ते कळायचं. ट्रकवाले त्याच्यापुढे खोटं बोलायच्या फंदात पडत नसत. मला तेव्हा हे जादूसारखं वाटलं होतं. आठ-पंधरा दिवसांनी तेच मला भयंकर वाटू लागलं.

झालं असं. कागदावर अंगठे दिलेली काही कुटुंबं संमती मागे घ्यायला तयार झाली होती. त्यांचे सोयरे गागोद्याला, म्हणून त्यांना तिथे गुपचूप बोलावलं होतं, दलालाच्या नजरेपासून लांब. समितीतल्या चौघांखेरीज कोणाला पत्ता नव्हता. दुसऱ्या दिवशी मी फिल्टर घेऊन वडाखाली गेले. मेस्त्रीने तो फिरवला, थांबला, एका घडीत बोट घातलं. बोट तांबडं झालं.

"काल गागोद्याला गेलवतीस?"

मी रिठ्याची बादली पुढे ओढली.

"त्या रस्त्याला हल्ली गर्दी हाय गो," तो हात पुसत, माझ्याकडे न बघता म्हणाला. "जपून."

त्याच्या पाठीमागे बॉनेट उघडलेली एक पांढरी मोटार उभी होती. ती कंपनीच्या दलालाची होती हे मला ठाऊक होतं. आणि संध्याकाळी निरोप आला: गागोद्याला आलेल्या कुटुंबांना दलालाने गाठलंय, ती आता आमच्याशी बोलायला तयार नाहीत.

दोन आणि दोन चार, असं मी मांडलं. मला तशीच सवय होती. माझे वडील शाळामास्तर. आमच्या मागच्या खोलीत पुस्तकांपेक्षा पत्रकांचे गठ्ठे जास्त. पाणीपट्टीचं, बसभाड्याचं, शिक्षकांच्या संपाचं. उरलेलं एकही पत्रक आमच्याकडे वाया जात नसे. वह्यांना कव्हर पत्रकांची, फडताळात पत्रकं, आंब्याच्या अढीवर पत्रकं, डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली घडी केलेलं पत्रक. लांब शब्द मी त्यांच्यावरच वाचायला शिकले. त्यात दोनच प्रकारची माणसं असतात, आपली आणि विकली गेलेली. दोन्ही बाजूंच्या गाड्या दुरुस्त करणारा माणूस त्या कागदावर मावत नाही.

त्यानंतर मी जीप मेस्त्रीकडे नेणं बंद केलं. फिल्टर घरीच धुऊ लागले. आणि तिथेच ती क्षुल्लक गोष्ट घडली. फिल्टर ज्या रबरी कॉलरने कार्बोरेटरच्या नळीवर बसतो, ती कॉलर तडकली. नवी कॉलर मेस्त्रीकडे मिळाली असती. मी गेले नाही. मी मागच्या खोलीत गेले, एक पत्रक घेतलं, त्याची लांब पट्टी केली, नळीभोवती गुंडाळली, वर फिल्टर दाबून बसवला आणि तारेने आवळला. घट्ट बसला. आमच्या घरात जन्मलेल्या कोणीही हेच केलं असतं.

चार दिवसांत जीप बिघडली. बिघडली तीही विचित्र. रस्त्यावर पळताना तिच्यासारखी दुसरी गाडी नव्हती. ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मात्र आचके, खोकला, आणि बंद. बॅटरी मरतुकडी, म्हणजे एकदा बंद पडली की धक्का. गावात पोचायचं, इंजिन चालू ठेवून कर्णा लावायचा, पत्रकं वाटायची आणि निघायचं, ही आमची पद्धत. आणि नेमकी तीच तिला जमेना. चणेऱ्याच्या वाटेवर एका गावात मी बोलायला उभी राहिले, "बंधूंनो आणि भगिनींनो" म्हणाले आणि जीपने मान टाकली. पारावरचा एक म्हातारा म्हणाला, "पोरी, आदी गाडीला तरी पटव." दुसऱ्या गावात दलालाची माणसं आमच्या मागे टाळ्या वाजवत धक्का मारायला आली. धक्का मारलाही त्यांनी. तो अपमान मला अजून पाठीवर जाणवतो.

मी आधी पेट्रोलवर संशय घेतला. मग प्लगवर. विलासने प्लग घासले, पॉइंट साफ केले, कार्बोरेटरचा स्क्रू पिळून रेस वाढवून ठेवली. जीप उभ्या उभ्या किंचाळायला लागली आणि किंचाळता किंचाळता बंद पडायला लागली. पळते पण थांबून चालू राहत नाही, आणि थांबण्यावर तर आमचं सगळं काम. एवढा नेमका बिघाड आपोआप कसा होईल? कोणाला ठाऊक होतं की आमची गाडी गावात चालू ठेवावी लागते? शेवटचा हात तिला कोणाचा लागला होता?

मी एका दमात पत्रक लिहिलं. "घरभेद्यांना ओळखा." नाव घातलं नाही, तेवढी हुशारी होती. "पेण-रोहा रस्त्यावरच्या वडाखाली बसून जो आपल्या गाड्यांची आणि आपल्या हालचालींची तपासणी करतो," असं लिहिलं. त्या रस्त्यावर वड एकच होता.

समितीत एकच माणूस आडवं आलं. अनसूयाबाय. धरमतरजवळच्या मिठागरात राबणारी, मिठाने पावलं भेगाळलेली, बैठकीत नेहमी दाराशी बसणारी.

"तू पायलंस काय गो त्याला दलालाशी बोलताना?"

"पाहायला कशाला हवं? त्याला गागोद्याचं कळलं कसं?"

"इचारलंस त्याला?"

"अशा माणसाला विचारून तो खरं सांगणार आहे?"

"मंजे इचारलं नाय," ती म्हणाली आणि पत्रकाचा गठ्ठा उचलायला नकार देऊन उठून गेली. मला वाटलं, हिचाही कोणी सोयरा तिकडे असेल. एवढी मी पुढे गेले होते.

पत्रक वाटलं गेलं. ते चाललंही. माझं कुठलंच लिखाण त्याआधी एवढं चाललं नव्हतं. टेम्पोवाले दुसरीकडे जाऊ लागले. वडाखालून जाताना मी बघायचे. मेस्त्री रिकाम्या टायरवर बसलेला असायचा. मी मान फिरवायचे आणि मनात म्हणायचे, बघ, आता बघतोयस कसा.

संमतीच्या त्या कागदांवर सरकारी अधिकाऱ्यापुढे सुनावणी होती. तिच्या आदल्या दिवशी सकाळी खाडीकाठच्या शेवटच्या गावातून लोकांना आणायला निघालो होतो. मिठागरांच्या बांधाजवळ वळणावर विलासने पाय काढला आणि जीप बंद पडली. या वेळी धक्क्यानेही हलेना. समोर ऊन मिठावर पडून डोळ्यांत घुसत होतं. ते लोक सुनावणीला पोचले नाहीत तर त्यांच्या जमिनी गेल्यातच जमा होत्या. अनसूयाबाय मिठाची पाटी खाली ठेवून आली, जीपकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मिठाच्या एका ट्रकमध्ये चढून पेणच्या दिशेने गेली.

ऊन चढेपर्यंत ती परतली. तिच्यामागून जनूमेस्त्री उतरला, हातात पेटी. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. ट्रकने जीप ओढायला लावून इंजिन चालू केलं, हाताने रेस धरली, कार्बोरेटरचा बारका स्क्रू पार आत पिळला, मग पार बाहेर काढला. आवाजात काही फरक पडला नाही.

"स्लो जेट बंद हाय," तो विलासला म्हणाला. "गाडी उभी असताना पेट्रोल तिथनंच येतं. पळताना दुसऱ्या वाटेनं येतं, म्हनून पळते."

त्याने कार्बोरेटर उघडला, सुईएवढं भोक असलेला तो पितळी जेट काढला, तोंडाने फुंकला. काही निघेना. मग एका तारेने कोरलं आणि ओला, करडा गोळा तळहातावर घेतला. मला वाटलं, सापडलं. आता कळेल काय घातलं होतं ते. मी पुढे वाकले. मेस्त्रीने नखाने तो गोळा उलगडला. तो कागदाचा लगदा होता. त्यावर एक काना आणि अर्धा "भ" वाचता येत होता.

त्याने फिल्टरची तार सोडली. पट्टी तेलाने आणि खाडीच्या दमटपणाने भिजून, कडेने झिजून, इंजिनाने थोडी थोडी ओढून खाल्ली होती. मागच्या आठवड्यात ती सैल झाली म्हणून मी वर नवी पट्टी गुंडाळली होती, तेव्हा घरात जे पत्रक हाताशी होतं त्याची. मेस्त्रीने ती उलगडली आणि उन्हात धरली, फिल्टर धरायचा तशी. आपल्यावरच्या पत्रकाबद्दल त्याला लोकांनी सांगितलं होतं, पण ते दाखवलं कोणी नव्हतं. तो बोट ठेवून, ओठ हलवत वाचत गेला. आम्ही तिघं उभे होतो. वडापर्यंत आल्यावर बोट थांबलं.

"हे मी," तो म्हणाला.

मी विचारलं, आणि विचारतानाच मला कळत होतं की हे सगळ्यात आधी विचारायला हवं होतं, "मेस्त्री, तुम्हाला गागोद्याचं कसं कळलं?"

त्याने लाल शंकू माझ्यासमोर धरला. एका घडीच्या मुळाशी बोट फिरवलं. इतकं धुऊनही तिथे अजून तांबडं. "हा मुरूम त्याच रस्त्याला हाय. दलालाच्या गाडीचा फिल्टर तुमच्या एक दिवस आदी असाच तांबडा होऊन आला होता. तुमी गेलात, तेच्या आदी तो जाऊन आला होता. गिऱ्हाइकाचं नाव घेऊन नाय सांगता येत मना. म्हनून म्हनलं, गर्दी हाय, जपून."

त्याने सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून कॉलर केली, फिल्टर बसवला, स्क्रू एकेक पाव फेरा फिरवत कान देऊन ऐकत राहिला. आचके कमी झाले, मग थांबले. त्या मिठाच्या पांढऱ्या शांततेत जीप शिलाई मशीनसारखी एकसारखी चालू राहिली. त्याने ती पट्टी घडी करून माझ्या हातात दिली. "कागद लावू नका," एवढंच म्हणाला. तोवर मी त्याची "गो" होते. त्या दिवसापासून "तुमी" झाले.

लोक सुनावणीला पोचले. त्यांचे अंगठे दबावाखाली घेतल्याचं नोंदलं गेलं आणि खाडीकाठची ती जमीन तेव्हा तरी वाचली. आमच्या गावांत याला विजय म्हणतात, मीही म्हणते.

मी चुकीची कबुली देणारं पत्रक लिहिलं, नाव घालून, वड घालून, माझी सही घालून. आधीच्याएवढ्याच प्रती छापल्या, तशाच गावोगाव वाटल्या. ते चाललं नाही. "मेस्त्री निर्दोष आहे" हे कोणी कोणाला चहा पिताना सांगत नाही. उलट एक टेम्पोवाला मला म्हणाला, "आता तुमीपन मॅनेज झालात वाटते." पावसाळा संपायच्या आत वडाखालचं गॅरेज बंद झालं. आणि दिवाळीनंतर कळलं, जनूमेस्त्री रोह्याला गेला. त्याच कंपनीच्या रोह्यातल्या मोटारखात्यात, शिफ्टमध्ये. मी लिहिलं तेव्हा खोटं होतं. मी लिहिलं म्हणून खरं झालं.

परवा त्या नाक्यावरून उठले आणि जीप घेऊन रोह्याला गेले. जीप अजून समितीकडेच आहे, आता मीच चालवते. फिल्टर धुतला नव्हता. मुद्दाम नव्हता धुतला. दुपारची शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कंपनीच्या फाटकापासून थोडी अलीकडे, इंजिन चालू ठेवून थांबले. तो चालत आला. खाकी गणवेश, खिशावर कंपनीची खूण. जीपचा आवाज ऐकून त्याचे पाय आपोआप मंद झाले. जवळ आला, बॉनेट उघडलं, कान दिला.

"थोडी मिसिंग मारते," तो म्हणाला. स्क्रू पाव फेरा फिरवला. फिल्टरवरून बोट ओढलं, जिभेला लावलं. "मिठागरावरनं आलात."

"अनसूयाबायला भेटून आले. ती विचारत होती तुम्हाला."

"बरी हाय ना?" मग त्याने फाटकाकडे पाहिलं. "हितं थांबत जाऊ नका. तुमच्याबरोबर कोनी पायलं तर मनाच इचारतील, तिकडं काय बातम्या देतोस म्हनून."

त्याने हात पुढे केले, पुसायला काही मागितल्यासारखे. माझ्याकडे फडकं नव्हतं. मागच्या सीटवर चार वर्षांपूर्वीच्या त्या कबुलीच्या पत्रकांचा उरलेला गठ्ठा होता. त्यातलं एक मी दिलं. त्याने हात पुसले नाहीत. उन्हात धरलं, बोट ठेवून वाचलं, आपल्या नावापर्यंत, मग माझ्या सहीपर्यंत. मग नीट चार घड्या करून ते गणवेशाच्या खिशाशी नेलं. तिथे हात थांबला.

"गेटवर खिसे तपासतात," तो म्हणाला. "तुमीच ठेवा."

भोंगा झाला. त्याने काळे हात पाठीमागे, गणवेशाच्या पॅंटला पुसले आणि आत गेला. घडीवर त्याच्या अंगठ्याचा ठसा उमटला होता, तेलाचा आणि मिठाचा. इंजिन एका लयीत चालू होतं, कुठे अडखळत नव्हतं. फाटकावरचा पहारेकरी वहीत काहीतरी लिहीत माझ्याकडे बघत होता.